पाणी झटकणारं कापड: वनस्पतींच्या मेणातून लेप करताना गेलेले सात महिने

माझ्या जुन्या कॅनव्हासच्या पाठपिशवीचा आतला लेप जानेवारीत सुटायला लागला. आधी चिकट झाला, मग पापुद्रे निघून वह्यांना चिकटू लागले. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप दमट हवेत हळूहळू विघटित होतो, त्यामुळे यात आश्चर्य काही नव्हतं. पिशवीचं कापड मात्र ठणठणीत होतं. ते टाकायचं जिवावर आलं, आणि ५ जानेवारीला मी वहीत लिहिलं: 'लेप स्वतः करायचा. फक्त झाडापासून मिळणाऱ्या वस्तूंचा.' पंधरा दिवसांत आटपेल असं वाटलं होतं. शेवटची नोंद २८ जुलैची आहे.

झाडापासूनचाच का? बाजारात मिळणारे पाणी झटकणारे फवारे अनेक वर्षं फ्लोरिनच्या संयुगांवर चालले. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट की ही संयुगं माती-पाण्यात गेली की तिथेच ठाण मांडतात. त्यांतलं पीएफओएस २००९ साली आणि पीएफओए २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं. पण एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. फ्लोरिनचा लेप पाणी आणि तेल दोन्ही झटकतो. मेणाचा लेप फक्त पाणी झटकतो. तेलाचा डाग पडायचा तो पडणारच. हे मान्य नसेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

पहिला आठवडा वाचण्यात गेला, आणि भिंगातून अळूचं पान बघण्यात. 'अळवावरचं पाणी' आपण क्षणभंगुर गोष्टींसाठी म्हणतो, पण ते पाणी तिथे टिकत का नाही हे मी कधी पाहिलंच नव्हतं. थेंब पानावर बसत नाही, तो पानावरच्या सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर तरंगतो. त्या उंचवट्यांवर मेणाचे त्याहून बारीक स्फटिक असतात आणि मधल्या फटींत हवा अडकलेली असते. कमळाच्या पानाचं हेच गुपित विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ च्या शोधनिबंधात मांडलं. म्हणजे मेण हवंच, पण खडबडीतपणाही हवा. हे वाचलं होतं, समजलंही होतं, आणि प्रत्यक्ष काम करताना मी साफ विसरले. ते पुढे येईलच.

मोजमापासाठी महागडं यंत्र लागत नाही. कापड टेबलाच्या कडेला सपाट चिकटवायचं, बारीक ड्रॉपरने एक थेंब सोडायचा, फोन थेंबाच्या पातळीला आणून बाजूने फोटो काढायचा आणि छापील फोटोवर कोनमापक ठेवायचा. थेंबाची कड कापडाला टेकते तिथे पाण्याच्या आतून मोजलेला कोन ९० अंशांपेक्षा जास्त असेल तर पृष्ठभाग पाणी झटकतो, १५० च्या वर गेला तर अळवाच्या पंक्तीत. कापडावर तंतू उभे असल्यामुळे पाच-सात अंश इकडे-तिकडे होतात. म्हणून एकाच तुकड्यावर दहा थेंब घ्या आणि सरासरी काढा. एका थेंबावर खूश होऊन मी दोनदा फसले आहे.

मग कच्चा माल. मेण म्हटलं की मधमाशीचं मेण आठवतं, पण ते कीटकाचं, लाखही कीटकाचीच. माझा नियम झाडांचा होता, म्हणून दोन्ही बाद. उरलं कार्नोबा, हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं, फार कठीण, ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. आणि कॅन्डेलिला, उत्तर मेक्सिकोच्या वाळवंटातल्या झुडपाचं, वितळबिंदू साधारण ७० अंश. हे कॅन्डेलिला काढताना काड्या पाण्यात उकळतात आणि त्या पाण्यात परंपरेने सल्फ्युरिक आम्ल घालतात. तेव्हा वनस्पतिजन्य म्हणजे सौम्य, असं समीकरण डोक्यातून काढून टाका.

मागणी १६ जानेवारीला नोंदवली. पुरवठादाराने एक अर्ज पाठवला: वापराचा हेतू, प्रमाण, व्यवसाय की वैयक्तिक. 'वैयक्तिक' लिहिल्यावर चार दिवस उत्तरच नाही. फोन केल्यावर कळलं की त्या रकान्यासमोर सही लागते. माल २९ जानेवारीला आला. पाकिटावर नुसतं 'नैसर्गिक मेण, कॅन्डेलिला प्रकार'. वितळवून पाहिलं तर ५५ अंशांलाच पाणी झालं. कॅन्डेलिला ५५ ला वितळत नाही. त्यात पॅराफिनची भेसळ असणार, म्हणजे पेट्रोलियम. परत पाठवणं, नवा माल येणं, यात अकरा दिवस गेले. तेव्हापासून मी मागणीतच सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला नोंदणी क्रमांक, लिहिते (कॅन्डेलिलाचा ८००६-४४-८, कार्नोबाचा ८०१५-८६-९) आणि सुरक्षा माहितीपत्रक आधी मागते. नाव काहीही छापता येतं, क्रमांकाशी खेळायला विक्रेते कचरतात. आणि माल आल्या आल्या चमचाभर वितळवून थर्मामीटर लावा.

नुसतं मेण कापडावर चालत नाही. १२ फेब्रुवारीला मी केवळ कार्नोबाचा लेप दिला. दिसायला काय सुंदर! थेंब मोत्यासारखे. कापड एकदा दुमडलं आणि घडीवर पांढरी रेघ उमटली, मेणाला तडा गेला होता. त्या रेघेतून पाणी सरळ आत. मेणाला लवचीक करायला तेल लागतं, आणि ते वाळणारं तेल असावं लागतं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल वर्षभर ठेवलं तरी वाळणार नाही. जवसाच्या तेलातल्या मेदाम्लांत दुहेरी बंध भरपूर असतात. हवेतला ऑक्सिजन त्यांना पकडतो, रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचा पातळसा पापुद्रा होतो. टंग तेलात (टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल) हे दुहेरी बंध ओळीने लागून असतात, म्हणून ते लवकर आणि जास्त घट्ट वाळतं, पाण्याला जास्त दाद देत नाही. जाड थर दिला तर मात्र सुरकुततं.

'वाळतं' या शब्दाने माझी बरीच दिशाभूल केली. पाणी वाळतं तेव्हा वजन कमी होतं. तेल वाळताना वाढतं. विश्वास बसेना म्हणून २४ फेब्रुवारीला एका मोठ्या काचेवर २.०० ग्रॅम कच्चं जवस तेल पसरलं आणि रोज सकाळी वजन केलं. तीन दिवस जवळजवळ काहीच नाही, २.०१, २.०२. मी कंटाळले. चौथ्या दिवशी २.०९. पाचव्या दिवशी २.१७. सातव्या दिवशी २.२४, आणि बोट लावलं तर चिकटत नव्हतं. ती पाव ग्रॅमची भर म्हणजे हवेतला ऑक्सिजन. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त आनंद त्या सकाळी झाला, पिशवी कोरडी राहिली तेव्हाही तितका झाला नाही. यातलं कामाचं एवढंच: पहिले तीन दिवस तेल चिकट राहिलं म्हणून घाबरू नका आणि वरून आणखी थर देऊ नका. उजेडात आणि खेळत्या हवेत ठेवा. बंद कपाटात ठेवलेला माझा तुकडा दोन आठवडे ओलाच राहिला.

आता एक भीतीची गोष्ट. १ मार्चला संध्याकाळी तेल पुसलेल्या चार-पाच चिंध्या मी बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. तासा-दीड तासाने डब्यातून करपट वास आला. बोळ्यात हात घातला तर तो आतून चांगलाच गरम. ऑक्सिजन पकडताना तेल उष्णता सोडतं. काचेवर ती उडून जाते, बोळ्यात साठत जाते. अशा चिंध्या काडी न लावता पेट घेतात, हे मी वाचलं होतं आणि तरीही टाकल्या. त्या दिवसापासून चिंध्या एकेक करून उघड्यावर सपाट पसरून वाळवते, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवते. हा एक परिच्छेद वाचून बाकीचा लेख सोडलात तरी चालेल. मेण वितळवतानाही उघडी ज्योत नको. पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून विजेच्या शेगडीवर वितळवा. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही आणि कार्नोबाला तेवढं पुरतं.

मार्चभर प्रमाणं बदलत राहिले. शेवटी वजनाने तीन भाग कॅन्डेलिला, एक भाग कार्नोबा, तीन भाग टंग तेल यावर स्थिरावले. साच्यात ओतून वडी केली, कॅनव्हासवर घासली, केस वाळवायच्या यंत्राने गरम करून मुरवली, दहा दिवस वाळवली. याला मी 'अ' म्हणते. वहीत या काळाची पानं तेलकट आणि कंटाळवाणी आहेत. एकूण मेणाचा तिसरा हिस्सा तरी फसलेल्या तुकड्यांत गेला असेल.

'अ' चांगला होता, पण कापड जड झालं. तुकड्याचं वजन ३८ टक्क्यांनी वाढलं होतं. मेणकापडच ते, ताडपत्रीसारखं कडक. आणि इथे अळवाचं पान आठवलं. मी तंतूंमधल्या सगळ्या फटी मेणाने बुजवून टाकल्या होत्या. खडबडीतपणा गेला, हवा गेली. कोन भरला ११२ अंश, आणि थेंब कापड तिरपं केलं तरी जागचा हलेना. मेण जास्त म्हणजे पाणी कमी, हा माझा हिशेबच चुकीचा होता. प्रत्येक तंतूला नखाच्या टोकाएवढीही नाही, नुसती पुसटशी साय हवी होती.

इतका पातळ थर देण्यासाठी मेण पाण्यात कालवायला हवं. टर्पेंटाइनमध्ये विरघळवता आलं असतं, तेही झाडाचंच, पण वाफा ज्वलनशील. एकदा मागवायचा प्रयत्न केला तर कुरियरवाल्याने पार्सल परत केलं. टर्पेंटाइनला युएन १२९९ हा धोकादायक मालाचा क्रमांक आहे आणि माझ्या कागदांवर तो नव्हता. म्हटलं, पाणीच बरं.

४ एप्रिल. वितळलेलं कॅन्डेलिला, थोडा साबण, गरम पाणी, घुसळणं. वर चोथा आणि खाली गढूळ पाणी. नळाचं पाणी जड होतं, त्यातल्या कॅल्शियमने साबण फाडला. डिस्टिल्ड पाण्याने दुसऱ्या खेपेला दुधासारखं मिश्रण जमलं. आनंदाने कापड बुडवलं, पिळलं, वाळवलं, थेंब सोडला. थेंबाने कापडावर बसायचे कष्टही घेतले नाहीत, टिपकागदासारखा आत गेला. न लेपलेल्या कापडापेक्षाही लवकर!

दोन दिवस मी वैतागून त्या कापडाकडे बघितलं नाही. मग कारण उमगलं. मेण पाण्यात कालवायला जो साबण घातला तो वाळल्यावरही कापडातच राहिला होता. साबणाचं कामच पाण्याला बोलावण्याचं. घरात चोर लपवून दाराला कुलूप लावण्याचा प्रकार.

जुना उपाय तुरटीचा. साबण लावलेलं कापड तुरटीच्या पाण्यात बुडवलं की ॲल्युमिनियमचा साबण तयार होतो आणि तो पाण्यात विरघळत नाही, उलट पाणी झटकतो. तंबूच्या कापडाला पूर्वी असंच करत. करून पाहिलं, आणि खरंच त्याच रुसलेल्या तुकड्यावर थेंब उभा राहिला, ११८ अंश. चमत्कार वाटला. पण तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. १८०७ साली मोरित्झ फ्रीडरिश इलिग यांनी राळ आणि तुरटी वापरून कागदावर शाई न फुटण्याची युक्ती प्रसिद्ध केली. पुढे त्याच पद्धतीच्या कागदाची पुस्तकं आम्लामुळे पिवळी पडून कुरकुरीत झाली. कापूस आणि कागद दोन्ही सेल्युलोजच. माझी पिशवी दहा वर्षांनी तुकडे पडून हातात यायला नको होती. लिटमस पट्टी लावली, लाल. तुरटी बाद केली. तात्पुरत्या कामाला, समजा नुसतं झाकण म्हणून वापरायच्या कापडाला, ती झकास आहे.

मग असा साबण हवा जो काम झाल्यावर आपणहून निघून जाईल. तो असतो. वनस्पतिजन्य स्टिअरिक आम्ल (एक मेदाम्ल) आणि अमोनिया यांचा साबण मेण कालवतो. कापड वाळताना अमोनिया उडून जातो आणि मागे उरतं स्टिअरिक आम्ल, जे स्वतःच पाण्यापासून लांब पळतं. वाचायला हे सोपं. करताना डोळ्यांतून धारा. खिडक्या सताड उघड्या, चष्मा, हातमोजे, आणि घरात दुसरं कुणी नसताना. अमोनिया झाडाचा नाही हेही खरं, पण तो लेपात राहत नाही, म्हणून मी मनाची समजूत घातली. पाणी गरमच हवं. माझ्या पहिल्या खेपेला पाणी कोमट होतं आणि मेणाचा रवा झाला. ९ मेच्या खेपेला निळसर झाक असलेलं पातळ दूध तयार झालं. ती निळसर झाक दिसली की कण बारीक झालेत असं समजा.

कापड बुडवून, पिळून, दोरीवर एक दिवस. कोन १०९. हिरमोड झाला. मग उलट्या बाजूने, मध्ये कोरा कागद ठेवून, गरम इस्त्री फिरवली. मेणाचे कण वितळून तंतूंवर पसरले. कोन १३१. वजनातली वाढ फक्त ४ टक्के, हाताला कापड कापडासारखंच. हा 'ब'. नंतर कधी पाणी झटकणं मंदावलं की पुन्हा इस्त्री फिरवली तरी बरंच परत येतं, हे मला नंतर योगायोगाने कळलं.

घरचा कोनमापक किती खरा, ते पाहायला मी दोन्ही तुकडे चाचणी प्रयोगशाळेत द्यायचं ठरवलं. चाचणीची फी माझ्या आत्तापर्यंतच्या सगळ्या मालापेक्षा जास्त होती, त्यामुळे आठवडाभर कां-कूं केलं. अर्जात 'फिनिशचा प्रकार' असा रकाना: फ्लोरोकार्बन, सिलिकोन, मेण, इतर. 'अ' साठी मेण, 'ब' साठी इतर, अशी खूण केली. लगेच फोन: इतर म्हणजे काय, माहितीपत्रक कुठे? स्वतः केलेल्या मिश्रणाचं माहितीपत्रक स्वतःच लिहावं लागतं, सोळा विभागांचं. ज्वलनबिंदू वगैरे जिथे मोजलेलं नाही तिथे 'माहिती उपलब्ध नाही' असं स्पष्ट लिहिलेलं चालतं, रकाना कोरा सोडलेला चालत नाही. मला दोन संध्याकाळी लागल्या.

२ जूनला तुकडे पाठवले, ९ जूनला परत आले. माझे तुकडे १५ सेंटिमीटरचे होते, १८ लागतात, प्रत्येकी किमान तीन. शिवाय ताणा कोणत्या दिशेला आणि लेपाची बाजू कोणती याची खूण नव्हती. हे अर्जाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं. मागचं पान वाचा. १४ जूनला नवे तुकडे गेले, त्यातच वीस वेळा एकाच जागी घडी घातलेले तुकडेही वेगळे दिले.

चाचणी साधीच आहे. कापड ४५ अंशांत तिरपं ताणून बसवतात, १५ सेंटिमीटर उंचीवरून झारीतून २५० मिलिलिटर पाणी अर्ध्या मिनिटाच्या आत पडतं, मग चौकट आपटून थेंब झाडतात आणि ओलं किती झालं ते नमुनाचित्रांशी ताडून गुण देतात: १०० म्हणजे काहीच नाही, ५० म्हणजे वरची बाजू पूर्ण ओली. आधी कापड ठरावीक तापमान आणि आर्द्रतेत ठेवतात.

अहवाल १ जुलैला आला. 'अ': नवा ९०, घडीनंतर ७०. 'ब': नवा ८०, घडीनंतरही ८०. मी ते आकडे दोन-तीनदा वाचले. वडीने घासलेल्या जड मेणकापडाच्या प्रेमात होते ना मी! पण पिशवी म्हणजे दिवसभर घड्याच घड्या. एक खुलासा करते, नाहीतर कुणी माझ्या भरवशावर तंबू शिवेल. हे गुण पाणी झटकण्याचे आहेत. पाण्याचा दाब सोसण्याची चाचणी वेगळी असते, ती मी केली नाही, आणि 'ब' सारखं फटी मोकळ्या ठेवणारं कापड त्यात टिकेल असं मला वाटत नाही.

जूनमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. घडी करून पिशवीत बांधून ठेवलेल्या जवस तेलाच्या तुकड्यांवर काळे ठिपके आले होते. बुरशीला तेल आवडतं, विशेषतः अर्धवट वाळलेलं. टंगच्या तुकड्यांवर नव्हते. जवस मी तेव्हापासून कापडाला लावत नाही, लाकडाला लावते.

६ जुलैला पिशवीचे जुने पापुद्रे ब्रशने खरवडले, सौम्य साबणाने धुऊन इतक्यांदा खळबळलं की शेवटच्या पाण्याला फेस येईना. साबणाचा धडा एकदा पुरला होता. मग सगळ्या पिशवीला 'ब' दिला, तळाला तेवढा 'अ', कारण तळ दुमडत नाही आणि ओल्या जमिनीवर टेकतो. २० जुलैला बादलीभर पाणी झारीने ओतून पाहिलं. बाहेरून थेंब घरंगळत होते, आणि आत तळाशी चमचाभर पाणी.

कापडातून आलं नव्हतं. पट्ट्यांच्या शिवणीतून आलं होतं. दोरा सुती आहे, वातीसारखं पाणी ओढतो, आणि सुईची भोकं तर भोकंच. २८ जुलैला बसून 'अ' ची वडी एकेका टाक्यावर आतून-बाहेरून घासली आणि इस्त्रीच्या टोकाने मुरवली. एका पट्ट्याला चाळीस मिनिटं लागली. दुसरा पट्टा अजून बाकी आहे.